जुन्या गाडीचं स्टीअरिंग जड? आधी पुढची चाकं उचला

गोव्यात पावसाळाभर उभी राहिलेली जुनी फियाट बाहेर काढली की स्टीअरिंग हमखास जड लागतं. लगेच स्टीअरिंग बॉक्स (स्टीअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाची गिअरची पेटी) उघडू नका.

१. टायरमधली हवा तपासा. बऱ्याचदा इथेच काम संपतं.

२. पुढची दोन्ही चाकं उचलून स्टीअरिंग फिरवा. तरीही जड असेल, तर दोन्ही बाजूंच्या टाय रॉडचे (चाकं वळवणाऱ्या दांड्यांचे) बाहेरचे एंड सोडवून प्रत्येक चाक हाताने वळवा. जे अडखळेल, त्या बाजूचं किंगपिन (चाक ज्यावर वळतं ती उभी पिन) सुकलंय. त्याच्या निपलचं (ग्रीस भरायच्या छोट्या तोटीचं) तोंड गंजाने बुजलेलं असतं. ग्रीस गन दाबली तरी ग्रीस बाहेरच ओघळतं. निपल बदला आणि चाक अधांतरी असतानाच ग्रीस भरा, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत.

३. चाकं मोकळी, पण स्टीअरिंग जडच? मग बॉक्समधलं तेल बघा. फक्त सरळ स्थितीतच आवळल्यासारखं वाटत असेल, तर प्ले (स्टीअरिंगचा ढिलेपणा) घालवायला कुणीतरी बॉक्सचा ॲडजस्टिंग स्क्रू जास्त पिळलाय.

गाडी नुसत्या जॅकवर ठेवू नका. स्टँड लावा, मातीचं अंगण असेल तर खाली जाड फळी. टाय रॉड जोडताना स्प्लिट पिन (नट सुटू नये म्हणून घालायची दुमडती पिन) नवीनच घाला.