पॉकेटमधली उपज: फूटी खेळणाऱ्या मुलांना झटपट निर्णय घ्यायला कसं शिकवावं

मागच्या वर्षी जुलैमधली रविवारची सकाळ. रात्रभराच्या पावसाने मेलबर्नबाहेरच्या वेरिबीजवळचं आमचं मैदान चिंब झालं होतं. माझी लेक चौदा वर्षांखालच्या मुलींच्या फूटीच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या संघात खेळते, मी त्या संघाचा मदतनीस कोच. उजव्या पॉकेटमध्ये, म्हणजे गोलच्या बाजूच्या कोपऱ्यात, बाउंड्रीला जवळजवळ पाठ टेकलेली असताना तिच्या हाती चेंडू आला. समोर दोघी धावून येत होत्या. बाकावरून आम्ही सगळे "हँडबॉल! हँडबॉल!", म्हणजे चेंडू मुठीने मारून मैत्रिणीकडे दे, म्हणून ओरडत होतो. तिने चेंडू खाली सोडला, बुटाच्या बाहेरच्या कडेने जमिनीलगत टोलवला आणि तो चिखलात टप्पे घेत, वळत, दोन उंच खांबांच्या मधून आत गेला.

पुढच्या रविवारी तिने तसंच काही करायला घेतलं. चेंडू बाउंड्रीबाहेर गेला आणि मी सगळ्यांदेखत तिच्यावर ओरडलो. त्यानंतरचे तीन सामने ती चेंडू आला रे आला की जवळच्या मुलीकडे ढकलून मोकळी होत होती. मान वर करून बघतसुद्धा नव्हती. तिच्यातलं जे मला सगळ्यात जास्त आवडायचं, त्यावर मीच पाणी ओतलं होतं. ते परत आणायला मला जवळजवळ अख्खा सीझन लागला. त्यात जे उपयोगी पडलं ते इथे लिहितोय.

या गुणाला मी 'उपज' म्हणतो. गाण्यात म्हणतात तोच शब्द. ज्याच्या अंगात राग आणि ताल मुरलेला असतो, त्यालाच ऐन वेळी नवी जागा सुचते आणि तरी तो समेवर येतो. मैदानावरही असंच आहे. "तिला उपजतच येतं" असं म्हणून सोडून दिलं, तर आपल्याला करण्यासारखं काहीच उरत नाही. मुळात करण्यासारखं पुष्कळ आहे.

आधी खेळाची अडचण समजून घ्या. एका बाजूला अठरा जण, लंबगोल मैदान, ऑफसाइड नाही. म्हणजे टॅकल समोरून येईल तसा पाठीमागूनही येईल. चेंडू सोडायची संधी मिळूनही तो धरून ठेवला आणि टॅकल झालात, तर 'होल्डिंग द बॉल' आणि फ्री किक समोरच्यांना. चेंडू घेऊन पळायचं तर दर 15 मीटरला टप्पा मारायचा. त्यात तो चेंडूही लांबट, टप्पा पडल्यावर कुठे उडेल याचा नेम नाही. एवढ्या गर्दीत पोराने चेंडू हातात आल्यावर विचार सुरू केला, तर वेळ केव्हाच निघून गेलेली असते. खो-खो खेळलेल्यांना हे लगेच कळेल. पाटीवर बसलेल्याने खो मिळाल्यावर डोळे उघडले, तर पळणारा कधीच पुढे गेलेला असतो.

म्हणून पहिली सवय बघण्याची, आणि मी सर्वात जास्त वेळ हिच्यावरच घालवतो. चेंडू हवेत असताना एकदा मान वळवून मागे बघायचं. सराव अगदी साधा आहे. मी लेकीकडे किक मारतो. तिच्या मागे दहा पावलांवर तिची मैत्रीण हातात लाल किंवा पिवळी बिब, म्हणजे सरावाचं बिनबाह्यांचं जाकीट, धरून उभी असते आणि मधेच ती बदलते. चेंडू पकडायच्या आत लेकीने रंग सांगायचा. सुरुवातीला चेंडू हातातून सुटतो. सुटू द्या. दोन आठवड्यांत पकड परत येते आणि मान वळायची सवय राहते. मग रंगाला अर्थ द्या: लाल म्हणजे मागे प्रतिस्पर्धी आहे, चेंडू लगेच सोड, पिवळी म्हणजे मोकळं आहे, वळ आणि पळ. आता ती एका नजरेत निर्णय घेते, आणि तो चेंडू हाती येण्याआधीच झालेला असतो. बघणाऱ्याला वाटतं, काय सुचलं हिला!

दुसरी गोष्ट साठा. जी किक पायात नाही ती सुचणार कुठून? ड्रॉप पंट, म्हणजे हातातून चेंडू सोडून मारायची नेहमीची किक, दोन्ही पायांनी, हँडबॉल दोन्ही हातांनी, यात सवलत नाही. त्यानंतर पॉकेटमधल्या खास किक. उजव्या पायाच्या खेळाडूला उजव्या पॉकेटमधून चेकसाइड, म्हणजे पोरं जिला बनाना म्हणतात ती किक उपयोगी पडते, कारण तो चेंडू डावीकडून उजवीकडे वळतो. डाव्या पॉकेटमधून अंगाभोवती मारलेला स्नॅप, तो उलटा वळतो. आणि ओल्या मैदानावर जमिनीलगतची ड्रिबल किक. दर सरावानंतर पंधरा मिनिटं मी मुलींना चेंडू देऊन पॉकेटमध्ये सोडतो आणि काहीच सांगत नाही. चेंडू मात्र त्यांच्या वयाला बसेल त्या लहान मापाचा हवा. मोठा चेंडू छोट्या हातांत नीट धरलाच जात नाही, मग वळणं दूरची गोष्ट.

सरावाची पद्धत बदलल्यावर सगळ्यात मोठा फरक पडला. पूर्वी आम्ही शंकू लावून रांगेत उभं करायचो: पळ, उचल, हँडबॉल दे, रांगेच्या शेवटी जा. दिसायला शिस्तबद्ध, पण त्यात समोर कोणीच नसतं, म्हणजे निवडायलाही काही नसतं. आता अर्ध्याहून जास्त वेळ छोटे सामने. साधारण 30 मीटर बाय 20 मीटरच्या चौकोनात चार विरुद्ध तीन. नियम दर पाच मिनिटांनी बदलतो. कधी फक्त डाव्या पायाचा गोल धरायचा. कधी चेंडू हातात दोनच्या वर मोजेपर्यंत ठेवायचा नाही. कधी मी न सांगता कमी असलेल्या बाजूला एक मुलगी वाढवतो, आणि आता आपण जास्त नाही हे कोणाच्या आधी लक्षात येतं ते बघतो. गोंधळ होतो, आवाज होतो, बघायला आलेल्या पालकांना वाटतं की इथे काही शिकवतच नाहीत. त्यांना जवळ बोलावून समजावून सांगा, नाहीतर ते घरी जाऊन पोराला वेगळंच सांगतात.

मोकळीक कुठे द्यायची, तेही ठरवून टाका. आमच्याकडे मैदानाचे तीन भाग आहेत. आपल्या गोलसमोर प्रयोग नाही, तिथून चेंडू बाजूला काढायचा. मधल्या भागात मागे बघितलं असेल तर जे दिसेल ते. गोलच्या जवळ, पुढच्या भागात, पूर्ण मोकळीक. याला कारण खेळातच आहे. गोलला 6 गुण, पण मधले खांब चुकून मधल्या आणि बाजूच्या खांबाच्या मधून चेंडू गेला तरी बिहाइंडचा 1 गुण मिळतो. चुकलेल्या प्रयत्नालाही गुण देणारा असा खेळ माझ्या माहितीत दुसरा नाही. मग आपण पोराला चुकल्याबद्दल का ओरडावं? एवढं मात्र सांगून ठेवायचं की चेंडू टप्पा न पडता थेट बाउंड्रीपार गेला तर फ्री किक समोरच्यांची. म्हणून अगदी कोपऱ्यातून मारताना चेंडू खाली ठेवणं बरं.

आता बोलण्याबद्दल. चेंडू तिच्या हातात असताना बाहेरून एक शब्दही नाही. आपण "हँडबॉल" म्हणतो तेव्हा आपल्याला दिसलेलं चित्र तिच्यावर लादत असतो, आणि आपण साठ मीटर लांब उभे असतो. क्वार्टर संपला की विचारा, पण प्रश्न नीट निवडा. "असं का केलंस?" म्हटलं की मूल सफाई द्यायला लागतं. मी विचारतो, "काय दिसलं?" चिखलातल्या त्या गोलबद्दल मी बऱ्याच दिवसांनी विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "बाबा, पहिलीचा पाय आधीच आत पडला होता आणि दुसरी तिच्याच मागे अडकली. हँडबॉल दिला असता तर तिघींच्या मधे पडला असता." बाकावरच्या आम्हा कोणालाही हे दिसलं नव्हतं.

माझ्या वहीत प्रत्येक मुलीच्या नावापुढे दोन रकाने आहेत, निर्णय आणि किक. निर्णय बरोबर, किक चुकली, तर तो सरावाचा विषय. किक लागली पण मोकळी मैत्रीण दिसलीच नव्हती, तर गोल झाला तरी त्यावर बोलतो. गोल झाला म्हणून सगळं माफ केलं, तर पोर टाळ्यांसाठी खेळायला लागतं.

मोठ्या खेळाडूंचे सामने जरूर दाखवा, पण जमेल तेव्हा मैदानावर नेऊन. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो, आणि आपल्याला बघायचं असतं ते चेंडू येण्याआधीचं. एमसीजीवर गोलच्या मागे, वरच्या मजल्यावर बसा, एकच खेळाडू निवडा आणि अख्खा क्वार्टर त्याच्यावरून नजर हटवू नका. मार्क, म्हणजे किकवरचा झेल, घेतल्यावर पहिल्या क्षणी तो काय करतो ते बघा. एएफएलमध्ये, म्हणजे या खेळाच्या सर्वोच्च लीगमध्ये, 2021 पासून झेलाच्या जागी उभ्या प्रतिस्पर्ध्याला पंचाचं 'स्टँड' ऐकल्यावर जागचं हलता येत नाही, त्यामुळे ज्याने आधीच बघून ठेवलंय त्याला बाजूने निसटायला वाव मिळतो.

जुन्या चित्रफिती दाखवायच्या तर मी दोघांच्या दाखवतो. एडी बेट्स: 2006, 2015, 2016 आणि 2019 अशा चार वर्षी 'गोल ऑफ द इयर' त्याचा. अॅडलेड ओव्हलवरचा एक पॉकेट आजही लोक त्याच्याच नावाने ओळखतात. दुसरा सिरिल रिओली. हॉथॉर्न क्लबकडून 2008 ची ग्रँड फायनल जिंकला तेव्हा तो 19 वर्षांचा होता. 2015 च्या फायनलमध्ये त्याला सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदक मिळालं. त्याचे दोन्ही मामा-काका, म्हणजे 1982 मध्ये हरलेल्या संघाकडून खेळून मॉरिस रिओली आणि 1993 मध्ये मायकेल लाँग, तेच पदक आधी घेऊन गेलेले. या आदिवासी खेळाडूंच्या खेळाला समालोचक पटकन 'जादू' म्हणतात. मला तो शब्द खटकतो. जादू म्हटलं की लहानपणापासून चेंडूबरोबर घालवलेले तास आणि घरातून मिळालेली जाण दिसेनाशी होते. आणि रिओलीच्या चित्रफितीत गोलांइतकंच त्याचं पाठलाग करणं बघायला सांगा. चेंडू गेला की तो थांबत नाही. आमच्या संघात हा एक नियम सर्वांना सारखा आहे: पॉकेटमध्ये काहीही करून बघ, पण चेंडू गेला तर पहिला टॅकल तुझा.

शेवटचं, परतीच्या गाडीतलं. सामना संपल्यावर विषय मी काढत नाही. हीटर लावतो, मागे टॉवेल आणि सँडविच ठेवलेलं असतं. पहिली दहा मिनिटं बहुधा शांततेत जातात. गेल्या रविवारी फ्रीवेला लागल्यावर ती आपणहून म्हणाली, "बाबा, तिसऱ्या क्वार्टरला मी मारणार होते, पण ती पिवळ्या केसांची आमची मोकळी दिसली." मी "मग?" एवढंच म्हटलं. आमचा एक्झिट येईपर्यंत ती बोलत होती.