सिग्नलचं टायमिंग कसं बसवावं

चौकात गाड्या तुंबल्या की पहिली मागणी येते ती हिरवा वाढवायची. पण एका रस्त्याचा हिरवा वाढवला की आडव्या रस्त्याचा लाल तेवढाच लांबतो आणि तिथली इंजिनं धूर सोडत उभी राहतात. म्हणून आधी मोजणी करा.

गर्दीच्या वेळी प्रत्येक लेनच्या गाड्या दर 15 मिनिटांनी नोंदवा. एका हिरव्यात रांग संपत नसेल तर थांबरेषेवर मोजू नका. तिथे फक्त सिग्नलने सोडलेल्या गाड्या दिसतात; खरी मागणी रांगेच्या शेपटाशी उभं राहिल्यावर कळते. मग हिरवा लागल्यावर चौथ्या गाडीपासून पुढे दोन गाड्यांमधला वेळ स्टॉपवॉचने मोजा. तो 2 सेकंद आला, तर सतत हिरवा धरून लेनची क्षमता तासाला 1800 गाड्या.

समजा, मुख्य रस्त्याच्या सर्वांत भरलेल्या लेनमध्ये तासाला 720 गाड्या येतात, आडव्या रस्त्यावर 450. 1800 ने भागा: 0.40 आणि 0.25, बेरीज 0.65. दोन फेज (एकेका रस्त्याला सोडण्याची पाळी), पाळी बदलताना प्रत्येक फेजमागे 5 सेकंद वाया, एकूण 10. सिग्नलची सायकल, म्हणजे सगळ्या फेजची एक पूर्ण फेरी, किती सेकंदांची असावी यासाठी ब्रिटिश वाहतूक संशोधक वेब्स्टर यांचं 1958 सालचं सूत्र असं: वाया वेळेची दीडपट अधिक 5, आणि त्याला '1 वजा बेरीज'ने भागायचं. 20 भागिले 0.35 म्हणजे 57. सायकल 60 सेकंदांची घ्या. उरलेले 50 सेकंद त्याच प्रमाणात वाटले की हिरवा 31 आणि 19. बेरीज 0.9 झाली तर हेच सूत्र 200 सेकंद सांगेल. ते मानू नका. तिथे दुखणं टायमिंगचं नसून लेन आणि वळणांचं असतं.

आता पादचारी. मुख्य रस्ता 18 मीटर रुंद असेल, तर सेकंदाला 1.2 मीटर चालीने 15 सेकंद लागतात, शिवाय पाऊल टाकायला 7. मुख्य रस्ता ओलांडता येतो तो आडव्या रस्त्याला हिरवा असताना, म्हणजे तो हिरवा किमान 22. मुख्य रस्त्याला 35 ते 38 द्या, सायकल 70 करा. या 22 मध्ये काटछाट अजिबात नको.

धूर सर्वांत जास्त निघतो तो थांबून पुन्हा वेग घेताना, म्हणून लगतचे सिग्नल जोडायलाच हवेत. त्या सगळ्यांची सायकल एकच ठेवा. पुढचा चौक 450 मीटरवर आणि वेग ताशी 45 किमी, म्हणजे सेकंदाला 12.5 मीटर, ऑफसेट (पहिल्या चौकानंतर किती सेकंदांनी पुढचा हिरवा लागावा) 36 सेकंद. मात्र पुढे लेनमध्ये आधीच 4 गाड्या उभ्या असतील, तर त्या हलायला सुमारे 10 सेकंद जातात. तिथला हिरवा 26 व्या सेकंदालाच लावा, नाहीतर मागून येणारा ताफा त्यांच्यामागे अडकतो. ऑफसेट धरताना वेग मर्यादेपेक्षा जास्त धरू नका. चालकांना ते लगेच समजतं आणि ते गाड्या पळवतात.

चांगली बसलेली साखळी अचानक बिघडली, तर आधी कंट्रोलरची, म्हणजे प्रत्येक चौकातले दिवे चालवणाऱ्या यंत्राची, घड्याळं तपासा. ती काही सेकंदांनी जरी सरकली, तरी ऑफसेट वाया जातो.