डोळे आल्यावर युफ्रेशियाचे थेंब: पुरावा कसा तपासावा

पावसाळ्यात इंदूरमध्ये डोळे येण्याची साथ पसरली की राजवाड्याच्या परिसरातील औषधांच्या दुकानांतून युफ्रेशियाचे, म्हणजे त्या नावाच्या वनस्पतीपासून बनवलेले होमिओपॅथीचे, थेंब सर्रास मागितले जातात. ते घेण्यापूर्वी पहिला प्रश्न विचारावा: तुलनेसाठी औषध न घेतलेला गट होता का?

या औषधाच्या बाजूने नेहमी पुढे केला जाणारा 2000 सालचा युरोपातील अभ्यास 65 रुग्णांवर झाला आणि त्यांतील 53 जण पूर्ण बरे झाले. मात्र त्यात तुलनेचा गटच नव्हता. विषाणूमुळे आलेले डोळे बहुधा एक ते तीन आठवड्यांत आपोआप बरे होतात, त्यामुळे श्रेय थेंबांचे की काळाचे, हे त्या आकड्यावरून ठरत नाही. माझ्या मते हा दोष एवढा मूलभूत आहे की उपचाराचा निर्णय त्यावर बेतू नये.

मग बाटली उजेडात धरून लेबल वाचावे. त्यावर लिहिलेले 30 सी म्हणजे शंभरपट विरलीकरण तीस वेळा. तेथे वनस्पतीचा रेणूही उरत नाही. निर्जंतुकता, वापराची मुदत आणि उघडल्याची तारीख पाहावी. अर्क घरी मुळीच बनवू नये, कारण डोळ्यात जंतू गेल्यास बुबुळाला इजा होते.

तीव्र वेदना, अंधुक दिसणे किंवा उजेड सहन न होणे यांपैकी काहीही जाणवल्यास, तसेच कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी किंवा नवजात बाळाच्या बाबतीत, थेंबांच्या परिणामाची वाट न पाहता त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावे.