दिव्यांग उमेदवारांनी नोकरीसाठी नाव कसं नोंदवावं: कागद, नियम आणि हक्क

माझा धाकटा भाऊ कर्णबधिर आहे. काही वर्षांपूर्वी एका भरतीची लेखी परीक्षा तो पास झाला आणि कागदपत्र पडताळणीच्या टेबलावरून परत आला. टेबलामागच्या बाईंनी त्याच्या प्रमाणपत्रावरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. तिथे ‘तात्पुरते’ असं छापलेलं होतं आणि पुढे एक तारीख होती. ती उलटून चार महिने झाले होते. घरात आम्ही सगळे त्या कागदावरचे टक्के तेवढे पाहत आलो होतो, ती ओळ कुणीच वाचली नव्हती. म्हणून कुठल्याही पोर्टलवर जाण्याआधी हातातला कागद नीट वाचा, असं मी भेटेल त्याला सांगते.

आधी प्रमाणपत्र

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा, लागू झाला 19 एप्रिल 2017 ला. त्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. ठरलेल्या प्रकारात 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर त्याला लक्षणीय दिव्यांगत्व म्हणतात. सरकारी नोकरीतलं आरक्षण आणि वयाची सवलत त्यावरच मिळते.

1 जून 2021 पासून प्रमाणपत्र यूडीआयडीच्या म्हणजे स्वावलंबन कार्डाच्या (दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या) पोर्टलवरूनच मिळतं. तुमच्याकडे जुनं, हाताने भरलेलं प्रमाणपत्र असेल तर ते अपलोड करून कार्डासाठी अर्ज करा. अर्ज मोफत आहे. रुग्णालय निवडायचं आणि सिव्हिल हॉस्पिटलमध्ये तपासणी करणाऱ्या वैद्यकीय बोर्डाचा वार कोणता हे आधी विचारून घ्यायचं. जाताना जुने रिपोर्ट सोबत ठेवा. ऐकण्याच्या बाबतीत ऑडिओग्राम किंवा बेरा तपासणीचा कागद जवळ असला की एखादी फेरी वाचते.

कार्ड हातात आल्यावर चार गोष्टी ताडून पाहा. नावाचं स्पेलिंग आधारशी आणि दहावीच्या सर्टिफिकेटशी जुळतं का, प्रकार बरोबर लिहिलाय का, टक्के किती आहेत, आणि प्रमाणपत्र कायमचं आहे की मुदतीचं. मुदतीचं असेल तर संपण्याच्या बरेच महिने आधी फेरतपासणीची तयारी सुरू करा. टक्के किंवा प्रकार चुकलाय असं वाटलं तर कायद्याच्या 59 व्या कलमाखाली अपील करता येतं. ‘टक्के वाढवून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाच्या मात्र वाऱ्यालाही उभं राहू नका. खोट्या आधारावर लाभ घेतला तर 91 व्या कलमाने दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय अशा प्रत्येक खोट्या कागदामुळे खऱ्या उमेदवाराकडे संशयाने पाहिलं जातं, आणि ते मी भावाच्या शेजारी उभी राहून पाहिलंय.

नाव कुठे नोंदवायचं

दोन नोंदण्या घरबसल्या होतात: केंद्राचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल आणि राज्याचं महास्वयम. दोन्हीकडे दिव्यांगत्वाचा रकाना भरा. तो सोडला तर दिव्यांगांसाठीच्या जागा शोधणाऱ्याला तुमचं नाव दिसणारच नाही. मोबाइल नंबर बदलला की तो तिथेही बदला.

तिसरी जागा प्रत्यक्ष जाण्याची. मुंबईत सायन-चुनाभट्टीला केंद्रीय कामगार मंत्रालयाचं दिव्यांगांसाठीचं राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आहे. जुन्या लोकांच्या तोंडी अजून त्याचं ‘व्हीआरसी’ म्हणजे व्यावसायिक पुनर्वसन केंद्र हे आधीचं नाव आहे. तिथे फक्त नाव लिहून घेत नाहीत. तुम्हाला काय येतं, हात-पाय-डोळे-कान कोणत्या कामाला साथ देतात, कल कशात आहे, हे तपासून त्यानुसार प्रशिक्षण किंवा काम सुचवतात. लांबून यायचं असेल तरी एक दिवस काढावा, असं माझं मत आहे.

कौशल्य प्रशिक्षणासाठी पीएम-दक्ष पोर्टलचा दिव्यांग विभाग आहे. त्यासाठी यूडीआयडी लागतो, दिव्यांगत्व किमान 40 टक्के आणि वय 15 ते 59 च्या दरम्यान हवं. प्रवेश घेण्याआधी संस्थेला तीन प्रश्न विचारा: विद्यावेतन हजेरीवर कसं मोजणार, राहण्याची सोय आहे का, आणि वर्गात सांकेतिक भाषेचा दुभाषी किंवा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) आहे का. तिसऱ्याचं उत्तर ‘बघू’ असं आलं तर दुसरी बॅच शोधलेली बरी. आजारपणामुळे सुट्टी पडली तर त्याच दिवशी लेखी कळवा. नुसतं फोनवर सांगितल्याची नोंद कुठेच राहत नाही.

स्वतःचा धंदा करायचा असेल तर राज्याच्या दिव्यांग वित्त व विकास महामंडळाकडे कर्जाची चौकशी करा.

जाहिरात कशी वाचायची

सर्वाधिक अर्ज इथे वाया जातात, म्हणून थोडं सविस्तर सांगते. सरकारी नोकरीत आरक्षण 4 टक्के आहे, पण ते सरसकट नाही. अंध आणि अल्पदृष्टी यांना 1 टक्का, कर्णबधिर आणि कमी ऐकू येणाऱ्यांना 1 टक्का. अस्थिव्यंग गटाला 1 टक्का, त्यात सेरेब्रल पाल्सी, कुष्ठरोगमुक्त, बुटकेपणा, ॲसिड हल्ल्याचे बळी आणि मस्क्युलर डिस्ट्रॉफी धरतात. उरलेला 1 टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व यांना मिळून. म्हणजे ‘दिव्यांग 2 जागा’ एवढं वाचून फी भरू नका. त्या कोणत्या गटाच्या आहेत ते पाहा.

त्यानंतर येतात इंग्रजी आद्याक्षरं. ‘ओए’ म्हणजे एक हात, ‘ओएल’ एक पाय, ‘बीएल’ दोन्ही पाय, ‘एलव्ही’ अल्पदृष्टी, ‘एचएच’ कमी ऐकू येणं. हे झाले दिव्यांगत्वाचे प्रकार. त्यांच्या शेजारी कामाच्या गरजा लिहितात: ‘एस’ बसणं, ‘एसटी’ उभं राहणं, ‘डब्ल्यू’ चालणं, ‘एसई’ पाहणं, ‘एच’ ऐकणं, ‘एमएफ’ बोटांनी काम करणं. इथला ‘एसटी’ पाहून तो अनुसूचित जमातीचा रकाना आहे असं समजणारे उमेदवार मला भेटलेत. तुमचा प्रकार यादीत आहे आणि त्या गरजा तुम्ही भागवू शकता, अशा दोन्ही गोष्टी जुळल्या तरच त्या आरक्षणातून अर्ज करा.

वयाची सवलत केंद्राच्या थेट भरतीत 10 वर्षांची आहे, इतर मागासवर्गाला 13 आणि अनुसूचित जाती-जमातींना 15. राज्याच्या भरतीत आरक्षणासाठी अधिवासाचा दाखलाही काढून ठेवा. आणि एक लक्षात असू द्या: कोणतीही शिथिलता न घेता गुणवत्तेवर निवड झाली, तर केंद्राच्या नियमांनुसार तो उमेदवार आरक्षित जागेत मोजला जात नाही. ती जागा दुसऱ्या दिव्यांग उमेदवारासाठी राहते.

लेखनिक हवा असेल तर

लेखनिकाची, म्हणजे परीक्षेत तुम्ही सांगाल ते उत्तर लिहून देणाऱ्याची, मागणी अर्ज भरतानाच करायची. परीक्षेच्या आदल्या दिवशी धावपळ करून ती मंजूर होत नाही. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार दर तासाला किमान 20 मिनिटं वाढीव मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. स्वतःचा लेखनिक नेणार असाल तर तो चालतो का आणि त्याच्या शिक्षणाची अट काय, हे त्या परीक्षेच्या जाहिरातीत पाहा; 2018 च्या सूचनांत ते उमेदवारापेक्षा एक पायरी कमी असावं अशी अट होती.

40 टक्क्यांपेक्षा कमी दिव्यांगत्व असलेल्यांनीही हा भाग सोडू नये. लिहिताना हात आखडणाऱ्या विकास कुमार यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये सांगितलं की, लेखनिकासाठी 40 टक्क्यांची अट घालता येणार नाही. त्यानंतर 2022 मध्ये अशा उमेदवारांसाठी वेगळ्या सूचना निघाल्या. लिहिण्यात अडचण आहे असं सक्षम वैद्यकीय अधिकाऱ्याचं विहित नमुन्यातलं प्रमाणपत्र लागतं.

मुलाखत आणि रुजू होणं

मुलाखतीचं पत्र आलं की लगेच उत्तर पाठवा आणि काय लागेल ते स्पष्ट लिहा: रॅम्प, तळमजल्यावरची खोली, दुभाषी, मोठ्या अक्षरातला कागद. संकोच करू नका. माझ्या भावाने दुसऱ्या एका मुलाखतीत हे न सांगितल्यामुळे समोरच्याच्या ओठांकडे बघत अर्धा तास काढला, आणि ते साहेब बोलताना सारखे फाईलमध्ये मान घालत होते.

खासगी कंपनीत अर्ज करताना समान संधी धोरण मागा. ते करणं कायद्याने बंधनकारक आहे. 20 किंवा अधिक कर्मचारी असतील तर दिव्यांगांसाठी योग्य पदं कोणती, सोयी कोणत्या आणि संपर्क अधिकारी कोण, हे त्यात असलंच पाहिजे.

अडवलं तर

तोंडी ‘तुम्ही बसत नाही’ एवढ्यावर परत फिरू नका. कोणत्या नियमाने बसत नाही ते लिहून मागा. प्रत्येक सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमलेला असतो आणि नोंदवलेल्या तक्रारीची चौकशी त्याने दोन आठवड्यांत करायची असते. तिथे समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती, आणि पुण्याला राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडेही तक्रार देता येते. तक्रार एका पानात बसवा: कोणत्या तारखेला, कोणत्या पदासाठी, काय नाकारलं, तुम्हाला काय हवं आहे. सोबत जाहिरातीचं पान, अर्जाची प्रत आणि यूडीआयडीची झेरॉक्स जोडा. मूळ प्रमाणपत्र कुणाकडेही ठेवायला देऊ नका, आणि आपल्या प्रतीवर शिक्का, सही आणि आवक क्रमांक पडेपर्यंत खिडकीवरून हलू नका.