‘कार’वर सेमिनार देताय? या चुका टाळा

एमएस्सी झूलॉजीचे सेमिनार आले की टिळकवाडीत माझ्या खोलीवर संध्याकाळी पोरांची गर्दी असते, यंदा तिघांनी एकच विषय उचललाय, लिम्फच्या नळ्या (पेशींभोवतीचं जादा पाणी परत रक्तात नेणाऱ्या) आणि कार. कार म्हणजे कॉक्सॅकी-अ‍ॅडिनोव्हायरस रिसेप्टर रे, पेशीवरचं प्रोटीन, ज्याला हे व्हायरस धरतात, कॅन्सरवाली कार-टी सेल नव्हे, परवा एकजण नाव सारखं दिसलं म्हणून तीच स्लाइड घेऊन आला होता.

दुसरी ठरलेली चूक, हा रिसेप्टर शरीराने व्हायरससाठी ठेवलाय म्हणे. चोरासाठी कोण दार बसवतंय काय? पेशीला पेशी धरून ठेवणारं प्रोटीन आहे ते, १९९७ ला सापडलं ते व्हायरसच्या मागे लागल्यावर, म्हणून नाव चोराचं पडलं.

खरी भानगड दिवसांची. उंदराच्या गर्भात कार पहिल्यापासूनच नसेल तर हार्ट बिघडतं आणि गर्भ मरतो, पोरं इथंच थांबतात. पण हार्टला कार लागतं ते ११.५ व्या दिवसापर्यंतच, म्हणून २०१२ च्या संशोधन-पेपरात कारचं जीन त्यानंतर काढलं, १२.५ व्या दिवसापासून काढलं तर कातडीखाली पाणी साठून सूज, रक्तस्राव आणि गर्भ मेला, १३.५ पासून काढलं तर यातलं काही नाही. एका दिवसाचा फरक आहे बघा, आणि आमच्या पठ्ठ्याने स्लाइडवर ‘१२-१३ दिवस’ लिहून अख्खा पेपरच बुडवला.

खानापूरच्या पावसात कौलारू घर गळतं तेव्हा कौल फुटलेलंच असतं असं नाही, जोडावर सरकलेलं असतं. तसंच इथं, लिम्फच्या नळ्या फुगलेल्या आणि पेशी-पेशींच्या जोडावर फटी.

हत्तीरोगाची सूज मात्र यात घुसडू नका, तो जंतामुळे होतो. आणि हे उंदरातलं आहे, ‘माणसात सिद्ध’ असलं काही लिहू नका.

रक्तस्राव दिसला की सगळे ‘रक्तवाहिनी फुटली’ लिहून मोकळे होतात. एकीने आकृतीत रक्तस्रावाचा बाणही तिथूनच काढला होता. काल तिला म्हटलं, रक्तवाहिनीच्या आतल्या पेशींत कार असतंय काय गं? नाही म्हणाली, बाण खोडला, लिम्फच्या नळीपासून काढला, आणि मग तीच विचारायला लागली, पण सर, लिम्फच्या नळीत रक्त आलं कुठनं? मी गप्प बसलो. दोन मिनिटांनी तिनेच खाली पेन्सिलीने लिहिलं, ‘रक्त आणि लिम्फ नीट वेगळे झालेच नाहीत’.