नाकातली हिऱ्याची चमकी कशी निवडावी?

सोलापुरात घर मराठी असो, कानडी असो की तेलुगू, लग्नाच्या खरेदीत नाकातल्या हिऱ्याचा विषय निघतोच. कुणी तो शुक्राचं रत्न म्हणून घेतं, कुणी आजीच्या नाकात होता म्हणून. साखरपुड्याला हिऱ्याची अंगठी घालायची रीत अमेरिकेत विसाव्या शतकात डी बिअर्स या हिरे कंपनीच्या जाहिरातींनी रुजवली आणि पुढे ती आपल्याकडे आली. चमकीची हौस मात्र आपली स्वतःची आहे. म्हणून खडा लहान असला तरी तो मनापासून निवडावा.

सुरुवात मापापासून करा. १ कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम, म्हणजेच १०० सेंट. ५ सेंटचा गोल खडा साधारण अडीच मिलिमीटरचा असतो, १० सेंटचा तीन मिलिमीटरचा. वजन दुप्पट होऊनही नाकावर फरक दिसतो तो अर्ध्या मिलिमीटरचा. दोन्ही मापं आरशात बघा आणि मगच आकडा ठरवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, खड्याचं पाणी, म्हणजे त्याचं तेज. शोरूमच्या दिव्यांखाली प्रत्येक खडा नाचतो आणि आपल्या दुपारच्या उन्हात काचही लखलखते. म्हणून सराफाला विनंती करून खडा दाराशी, सावलीत न्या आणि हळूहळू हलवून बघा. पैलू नीट पाडलेले असतील तर वरून शिरलेला प्रकाश आत परतून पुन्हा वरच येतो आणि सावलीतही खडा जिवंत वाटतो. खडा बेताबाहेर उथळ किंवा खोल कापलेला असेल तर प्रकाश खालून निसटतो आणि मधला भाग काळपट, मेलेला दिसतो. असा खडा कितीही मोठा असला तरी घेऊ नका.

रंगाची प्रतवारी ‘डी’ म्हणजे अगदी रंगहीन, इथपासून ‘झेड’ म्हणजे पिवळसर, इथपर्यंत असते. पिवळ्या सोन्यात ‘आय’ किंवा ‘जे’ रंगाचा खडाही पांढराच दिसतो. स्वच्छतेत, म्हणजे खड्यातल्या डागांच्या प्रतवारीत, ‘व्हीव्हीएस’ या अगदी सूक्ष्म डागांच्या वरच्या प्रतीसाठी जादा पैसे मोजणं चमकीपुरतं तरी मला वाया वाटतं, नुसत्या डोळ्यांना डाग दिसत नसेल तर ‘एसआय’ ही त्याखालची प्रत पुरे.

खरेखोटेपणासाठी घरगुती प्रयोग टाळा. खरा हिरा ऐरणीवर घणाखाली फुटत नाही, ही समजूत चुकीची आहे. हिरा सर्वांत कठीण असल्यामुळे त्यावर सहज ओरखडा उठत नाही, पण ठरावीक दिशांनी घाव बसला की तो दुभंगतो. दुकानातलं साधं टेस्टर खड्यातून उष्णता किती वेगाने वाहते ते बघतं, त्यामुळे मॉइसनाइट हा हिऱ्यासारखा दिसणारा वेगळा खडाही त्यात ‘हिरा’ ठरू शकतो. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा तर कार्बनचाच, खराच हिरा. तो खूप स्वस्त मिळतो आणि रोज घालायला घेण्यात काहीच कमीपणा नाही. फक्त तो तसा आहे हे सांगून आणि त्याच भावाने विकला गेला पाहिजे.

म्हणून बिल नीट लिहून घ्या. हिरा नैसर्गिक की प्रयोगशाळेतला, किती सेंट, कोणता रंग, कोणती स्वच्छता. सोनं किती कॅरटचं आणि खडा वगळून किती वजनाचं. परत घेताना खड्याला काय भाव देणार, हे सगळं त्यावर हवं. २ ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्याला हॉलमार्क सक्तीचा नाही आणि चमकी बहुधा त्याहून हलकीच असते. त्यामुळे १८ कॅरट, म्हणजे ७५० शुद्धता (हजारात ७५० भाग सोनं), ही नोंद बिलावर आग्रहाने मागा.

घडण मागून उघडी असलेली घ्या. हिऱ्याला तेल पटकन चिकटतं. नाकाजवळचा तेलकटपणा आणि क्रीम मागे साठलं की महागडा खडाही मंद पडतो. आठवड्यातून एकदा कोमट पाण्यात सौम्य साबण घालून मऊ ब्रशने मागची बाजू घासा. हे काम बेसिनमध्ये न करता वाडग्यात करा, आणि पुन्हा घालताना फिरकी घट्ट बसली आहे ना ते बघा.