शाळेत रोझा पार्क्स शिकवल्या, आता घरी या चुका टाळा

“आई, आपण बसमध्ये पुढे बसलो असतो की मागे?”

लेक दुसरीत. न्यू जर्सीत जानेवारीच्या तिसऱ्या सोमवारी मार्टिन लूथर किंग यांच्या जयंतीची सुट्टी असते, तिच्या आगेमागे शाळेत रोझा पार्क्सचा धडा होतो: दक्षिणेत ब्लॅक लोकांना बसमध्ये मागे बसावं लागायचं तेव्हा गोऱ्या माणसासाठी जागा सोडायला नकार देणाऱ्या त्या ब्लॅक बाई. मी पोळ्या लाटत होते. म्हणाले, “फार पूर्वीचं गं ते. हात धू, जेवायला बस.”

‘फार पूर्वीचं’ म्हणून विषय मिटवणं

रूबी ब्रिजेस १४ नोव्हेंबर १९६० ला न्यू ऑर्लिन्समधल्या गोऱ्या मुलांच्या शाळेत गेली तेव्हा जेमतेम ६ वर्षांची होती. सोबत सरकारी मार्शल, बाहेर शिव्या देणारी गर्दी. पालकांनी आपापली मुलं वर्गातून काढून नेली. बार्बरा हेन्री या बाईंनी वर्षभर तिला एकटीला शिकवलं. रूबीचा जन्म १९५४ चा. “म्हणजे पुण्याच्या आजीएवढी!” हिशेब लेकीनेच लावला.

‘त्यांचं ते, आपला काय संबंध?’

पंजाबातून आलेले भगतसिंग थिंड अमेरिकेच्या सैन्यात होते. तरी १९२३ साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की ते ‘गोरे’ नाहीत, सबब नागरिक होऊ शकत नाहीत. आपल्यातले बहुतेक जण इथे आले ते १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर, आणि तो कायदा नागरी हक्कांच्या लढ्याच्याच दिवसांतला. म्हणून बसच्या प्रश्नाला माझं उत्तर असं झालं: ड्रायव्हरने कुठे बसवलं असतं ते सांगता येत नाही, पण पुढची जागा आपल्या हक्काची नक्कीच नव्हती.

मुलांना मराठी कळत नाही असं धरून चालणं

घोडचूक ही. गाडीत आपण बिनधास्त ‘तो काळ्या’ म्हणतो आणि मागच्या सीटवर कान टवकारलेले असतात. ‘कृष्णवर्णीय’ची गरज नाही, तो शब्द घरात कोण बोलतं? शाळेत ‘ब्लॅक’ म्हणतात, तेच म्हणा. मग व्हिडिओ कॉलवर आजी: “उन्हात खेळू नको, काळी पडशील.” मी आधी हसून सोडून द्यायचे, नंतर लेकीला बाजूला घेऊन समजवायचे. उपयोग शून्य. आता तिथल्या तिथे म्हणते, “पडू दे की आई, काय बिघडलं?” आजी दोन दिवस फुगल्या होत्या. चालतं.

‘शूऽऽ, असं बोलायचं नाही’

“तिचे हात मळलेत का?” असं मूल दुकानात मोठ्याने विचारतं, आपल्याला धरणी दुभंगावीशी वाटते. दटावलं तर त्याला एवढंच कळतं की रंग ही लाजेची गोष्ट आहे. आम्ही घरी ओट्यावर तिघांचे हात शेजारी ठेवले. तीन वेगळ्या छटा. कातडीत मेलॅनिन कमीजास्त असतं, मळ नव्हे, एवढं तिला पुरलं.

रोझा पार्क्सना ‘थकलेल्या बिचाऱ्या बाई’ही करू नका. त्या ४२ वर्षांच्या, चळवळीत मुरलेल्या होत्या, आणि त्यांच्या अटकेनंतर माँटगोमेरी शहरातला बसबहिष्कार ३८१ दिवस चालला.

या भरात मी तिला महाड सांगितलं. २० मार्च १९२७, चवदार तळं, ओंजळभर पाणी पिणारे बाबासाहेब. तिने पुन्हा तेच विचारलं, “आणि तिथे आपण कुठे होतो?”

पोळी तव्यावर करपली. मग सांगितलं: पाणी अडवणाऱ्यांत.